वस्तादांचा लाडका पठ्ठा आणि आमची लेक

कृष्णाकाठची

नमस्कार. इथे रोज वाचते, लिहायला आज पहिल्यांदाच बसलेय. थोडं लांबेल.

आम्ही पलूस तालुक्यातले. आमचे हे साखर कारखान्यात आहेत आणि गावच्या तालमीचे वस्ताद. नोकरी पोटापुरती, जीव सगळा तालमीत. पहाटे चारला तालीम उघडायची, मग कारखान्याची पाळी, संध्याकाळी परत माती. लग्न ठरतानाच सासऱ्यांनी सांगितलं होतं, "आमच्याकडं आधी तालीम, मग घर." मी हो म्हणून आले. तेव्हा नवऱ्याची उणीदुणी काढायला हा धागा नाही, एवढं आधीच सांगते.

दोन-तीन वर्षांमागे जत भागातल्या एका जत्रेत यांनी एक पोरगा बघितला. खाली गेलेला असताना त्यानं वरचा पैलवान कसा उलटवला, ते हे आजही हातवारे करून सांगतात. पोराला वडील नाहीत, आई ऊसतोडीला जाते. यांनी तिथंच त्या माउलीला शब्द दिला, "पोरगं माझ्याकडं द्या." आता तो सतरा वर्षांचा आहे. झोपतो तालमीत, जेवतो आमच्याकडे. गुणी पोर आहे. स्वतःचं ताट घासून ठेवतो, मला काकू म्हणतो, वर मान करून कधी बोलत नाही. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही आणि इथंही कुणी त्याला वाईट म्हणू नये.

आम्हाला एकच लेक. दहा वर्षांची, पाचवीत.

हे घरात पाऊल टाकतात तो पहिला प्रश्न, "वाघ जेवला का?" जेवताना विषय त्याचाच. आज किती बैठका मारल्या, कुणाला ढाकेवर मारलं, वजन किती भरलं. लेक शाळेतलं काही सांगायला लागली की हे हं हं करतात, पण डोळे दारात. एकदा ती म्हणाली, "आई, पप्पा दादाला वाघ म्हणतात. मला काय म्हणतात सांग की." मी म्हटलं, "बाळा म्हणतात की." तर म्हणे, "ते तर शेजारच्या पोरीला पण म्हणतात."

गेल्या महिन्यात तिनं गरम भातावर तूप मागितलं. सासूबाई सहज बोलून गेल्या, "बेतानं घे गं, त्याच्या खुराकातलं आहे." लेकीनं चमचा बरणीत परत ठेवला, झाकण लावलं आणि भात तसाच खाल्ला. त्या दिवसापासून ती तूप घेत नाही. पुरणपोळीवरसुद्धा नाही. सासूबाईंच्या हे ध्यानातही आलेलं नाही. मनात काही ठेवून बोलणारं माणूस नाही ते.

आणि परवाचं बघून मात्र माझी झोप उडाली. न्हाणीत ही बराच वेळ. दार ढकललं तर खरखरीत पंच्यानं एक कान कचाकचा चोळत उभी. कान लालबुंद, वरची कड सुजलेली. पैलवानांचे कान मोडलेले असतात ते तुम्ही बघितलं असेल. त्या पोराचा डावा कान यंदा मोडला, आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवतात. लेक एवढंच म्हणाली, "पप्पा दादाच्या कानावरनं हात फिरवतात. पैलवानाचा दागिना हाय म्हणतात." रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

यांना सांगायचं कसं? त्या पोराविरुद्ध काहीही बोललं की हे एकदम बंद होतात. आणि पोराला परत पाठवणं माझ्याही मनाला पटणार नाही. तुमच्यापैकी कुणी असल्या घरात वाढलं असेल तर सांगा.

वानलेसवाडी

ताई, बाकीचं नंतर. आधी कान. मी मिरजेत नर्स आहे, पैलवान पोरांचे कान नेहमी बघते.

कान मोडतो म्हणजे काय, तर घासून किंवा दाबून कानाची कूर्चा, म्हणजे कानातलं मऊ लवचिक हाड, आणि तिच्यावरचा पातळ पडदा यांच्यामध्ये रक्त साकळतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण त्या पडद्यातूनच होतं. मध्ये रक्त साठलं की ते तुटतं, कूर्चा मरते आणि तिथं वेडीवाकडी घट्ट गाठ तयार होते. ती परत पहिल्यासारखी होत नाही. हाताला मऊ, पाणी भरल्यासारखी फुगवटी लागत असेल तर दोन दिवससुद्धा थांबू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, ते रक्त काढून दाबपट्टी करतात. नुसती लाली आणि सूज असेल तर घाबरू नका, पण दाखवाच. हळद-चुना लावत बसू नका आणि घरी सुई टोचू नका. तालमीत हे सर्रास करतात, त्यानं कान पिकतो.

आणि हो, यांनाच घेऊन जायला सांगा. तुम्ही जाऊ नका.

आटपाडीकर

ताई, राग मानू नका, पण मला यात वस्तादांचं काही चुकलेलं दिसत नाही. बापाविना पोर घरात आणून वाढवायचं, स्वतःच्या पगारातून त्याला खुराक घालायचा, हे आजच्या काळात कोण करतं? त्या पोराला जगात दुसरं कोण आहे? तुमच्या लेकीला आई आहे, बाप आहे, आजी आहे, घर आहे. आमच्या वडिलांनी दुष्काळात बहिणीची चार पोरं आणून आमच्यात वाढवली. एका ताटात जेवलो. आम्हाला कधी असलं काही वाटलं नाही, आणि वाटलं असेल तर कुणी विचारलं नाही. मोठे झाल्यावर वडिलांचा अभिमानच वाटला. पोरीला जवळ घेऊन सांगा की बाळ, दादाला कुणी नाही. समजूतदार पोरं समजून घेतात.

लाल_माती

मी अशाच एका वस्तादांच्या घरी वाढलेला पठ्ठा आहे. गाव सांगत नाही. तुम्ही वर लिहिलेलं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

आधी वस्तादांच्या बाजूनं थोडं. ज्यांचा कुस्तीशी संबंध नाही त्यांना हे वेड वाटेल. पैलवानाची स्वतःची कुस्ती फार लवकर थांबते. गुडघा जातो, खांदा जातो, नाहीतर घरात कुणी कमावणारं उरत नाही आणि पोरगं कारखान्यात चिकटतं. मनातली कुस्ती मात्र चालूच राहते. मग एखादं पोर असं सापडतं की ज्याच्या अंगात आपला राहिलेला डाव दिसतो. आपल्या जिल्ह्यात तर हे फारच. कवठेपिरानसारख्या गावातून मारुती माने उठतात, १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सोनं घेतात, १९६४ ला हिंदकेसरी होतात, आणि त्या गावाचं नाव कायमचं होऊन जातं. कृष्णाकाठच्या प्रत्येक वस्तादाला वाटतं की आपल्या तालमीतूनही असा एक निघावा. तुमच्या घरापासून कुंडल जवळ. तिथलं मैदान एकदा बघितलेला माणूस वर्षभर त्याच धुंदीत असतो. लांग-लंगोट लावून पोरगं हौद्यात उतरलं, हलगी कडाडली, की वस्ताद बांधावर बसलेला असला तरी खेळत तोच असतो.

शिवाय खुराक. रोजचं दूध, तूप, थंडाईचे बदाम, आठवड्याचं मटण. चांगल्या पैलवानाचा खर्च एका पगाराच्या माणसाला परवडण्यातला नसतो. वस्ताद तो करतात तेव्हा घरातल्या कुणाच्या तरी वाटणीतून करतात. हे ते बोलत नाहीत, पण पोरांना कळतं. मलाही कळायचं.

आमच्या वस्तादांची मुलगी माझ्याच वयाची. रोज संध्याकाळी दुधाचा तांब्या ओट्यावर आणून आपटायची आणि आत निघून जायची. कित्येक वर्षं एक शब्द बोलली नाही. मी समजायचो की दुधाचा राग आहे. म्हणून मी एकदा वस्तादांना म्हटलं, मला दूध कमी द्या. त्यांनी मलाच झापलं.

खूप नंतर, आम्ही दोघंही संसाराला लागल्यावर, ती स्वतःहून बोलली. म्हणाली, "दुधाचा राग नव्हता रे. तू कुस्ती हरून आलास की अण्णा त्या रात्री जेवायचे नाहीत. मी तापानं फणफणलेली असले तरी जेवायचे."

मला यावर काही उत्तर देता आलं नाही. ताई, हे वस्तादांना वाचून दाखवा. माझं नाव नसलं तरी चालेल, पैलवानानं लिहिलंय म्हणावं.

अजिंक्यताऱ्याखाली

लाल_माती, तुमचं शेवटचं वाक्य वाचून हात थांबला.

मी साताऱ्याची. आमच्याकडे कुस्ती नव्हती, सैनिक स्कूल होतं. १९६१ पासून ते साताऱ्यात आहे आणि आमच्या लहानपणी ज्याच्या घरी हुशार मुलगा त्याच्या घरी सहावीच्या प्रवेश परीक्षेची तयारी, हे ठरलेलं. माझे बाबा गणिताचे शिक्षक. आत्याचा मुलगा कोरेगावहून आमच्याकडे राहायला आला, माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. एकाच टेबलावर आम्ही बसायचो. बाबा त्याला गणितं घालायचे, मी तीच गणितं माझ्या वहीत सोडवायचे. बरेचदा आधी सोडवायचे. तेव्हा तिथं मुलींना प्रवेशच नव्हता, तो २०२१ मध्ये सुरू झाला. त्यामुळे माझी वही तपासायची काही गरज नव्हती. एकदा मी पुढे केली तर बाबा हसून म्हणाले, "तुला कुठं परीक्षा द्यायचीय, ठेव ती." वाईट काहीच बोलले नाहीत. पण मी त्यानंतर वही पुढे केली नाही.

भाऊ पास झाला. पेढे वाटले. मीही वाटत फिरले.

आटपाडीकर, तुम्ही म्हणता "कुणी विचारलं नाही". मला वाटतं खरा मुद्दा तिथंच आहे. मलाही कुणी विचारलं असतं तर मी "काही नाही" असंच म्हटलं असतं. दादाला बाप नाही हे मुलांना कळतं हो. फार चांगलं कळतं. म्हणून तर ती रागावूही शकत नाहीत. राग आला की स्वतःचीच लाज वाटते, आणि मग आपल्याला बघायला कुणी नाही हे एक, आणि आपण वाईट आहोत हे दुसरं, अशी दोन ओझी होतात.

माझ्या बाबतीत काय उपयोगी पडलं ते सांगते. भाऊ वसतिगृहात गेल्यावर बाबा रविवारी पहाटे मला अजिंक्यताऱ्यावर न्यायला लागले. का ते मला माहीत नाही, बहुधा आईनं काही सांगितलं असावं. वर जाताना अभ्यासाचा विषय नसायचा. मंगळाईच्या देवळापाशी बसायचं, खाली गावात कुठलं घर कुणाचं ते ओळखायचं. मी पुढं पळायचे आणि बाबा "अगं हळू" म्हणत मागनं यायचे. तिथं माझ्याऐवजी दुसरं कुणीही चाललं नसतं, असं मला वाटायचं.

सगळं भरून निघालं असं मी म्हणणार नाही. आज बाबा ऐंशीला टेकलेत आणि भावाचा फोन आला की त्यांचा आवाज बदलतो. मला तो दुसऱ्या खोलीतूनही ओळखू येतो.

खणभागवाली

मी शाळांमधून समुपदेशनाचं काम करते, सांगलीतच. धाग्यातला एक गुंता सोडवायचा प्रयत्न करते.

तूप कमी-जास्त मिळणं आणि बापाची नजर कमी-जास्त मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मुलं सहन करतात, कारण कळलं तर. १९९७ मध्ये अमेरिकेत अमांडा कोवल आणि लॉरी क्रेमर या दोघींनी ११ ते १३ वर्षांच्या मुलांशी आणि त्यांच्या मोठ्या भावंडांशी याच विषयावर बोलून अभ्यास केला होता. आईबाप दोघांना वेगळं वागवतात हे मुलांना दिसत होतं. पण जिथं मुलांना त्यामागचं कारण पटलेलं होतं, तिथं भावंडांचं नातं त्यामुळे बिघडलेलं आढळलं नाही. म्हणजे आटपाडीकर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. मुलीला सांगायला हवंच की पैलवानाला शरीरासाठी जास्त दूध-तूप लागतं. अगदी तिनं गृहपाठ केला की तिला वही लागते तितक्या सरळपणे.

पण हे कारण नजरेला लागू होत नाही. दादाच्या शरीराला तुपाची गरज आहे, म्हणून पप्पा माझं बोलणं ऐकत नाहीत, असं कुठल्या मुलीला पटेल? आणि "दादाला कुणी नाही" हे सांगून तर तिची तक्रारच बंद होते. दुखणं तिथंच राहतं. या मुलीनं ते कानात आणलं.

त्या कानाच्या प्रकाराकडे मी गंभीरपणे बघते. ही पप्पांची खोड काढणं नाही आणि हट्टही नाही. पप्पांचा हात ज्या जागेवरून फिरतो ती जागा तिनं स्वतःच्या अंगावर तयार करायला घेतली होती.

नवऱ्याशी बोलताना एक करा. निष्कर्ष सांगू नका. "तुम्ही तिच्याकडे लक्ष देत नाही" म्हणालात की ते वाद घालतील, कारण त्यांच्या मते ते देतात. शाळेची फी भरतात, सायकल आणून दिली, वगैरे. फक्त दोन प्रसंग सांगा, तुपाचा आणि कानाचा, जसे इथे लिहिलेत तसे. पुढं काही बोलू नका. तो मुलगा तेव्हा घरात नसावा, आणि सासूबाईंना त्यात ओढू नका.

आणि कान चोळणं थांबलं नाही, झोप-जेवण बिघडलं, शाळेत गप्प गप्प राहायला लागली, तर वाट न बघता बोला. टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी लाइन आहे, फुकट आहे आणि मराठीतून बोलतात.

विट्याचा_पाटील

एवढं सगळं वाचलं. मला तर उत्तर समोर दिसायलंय. पोरीला मातीत उतरवा की! मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीतच झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं घेतली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे, मुलींना इतकी वर्षं थांबायला लागलं. साक्षी मलिकनं २०१६ ला रिओमध्ये ऑलिंपिक पदक आणलं. आता वस्तादाच्या घरात जन्मलेल्या पोरीनं बाहेर का उभं राहायचं? दहा वर्षं हे वय एकदम बरोबर आहे. खाशाबा जाधवांना त्यांच्या वडिलांनी गोळेश्वरला लहानपणीच मातीत उतरवलं होतं, म्हणून तर ५२ साली हेलसिंकीला पदक आलं. बापाचं वेड आणि पोरीचं दुखणं, दोन्ही एका जागी मिटतंय.

अजिंक्यताऱ्याखाली

पाटील, मुलींनी कुस्ती करावी याबद्दल वादच नाही. पण या मुलीला कुस्ती आवडते का, हे कुणी विचारलंय? बापानं बघावं म्हणून ती उतरली आणि हरली तर? तेव्हा पप्पा जेवतील की नाही, ही काळजी दहाव्या वर्षी तिच्या डोक्यावर ठेवायची का? मी बाबांनी बघावं म्हणून गणित घेऊन पुढे शिकले. चांगली नोकरी लागली, सगळं झालं. पण प्रत्येक निकाल हातात आला की पहिला विचार, आता तरी. तो "आता तरी" फार वर्षं चालला.

विट्याचा_पाटील

हे मला सुचलं नव्हतं. बरोबर बोलताय ताई. आधी विचारा तिला.

वानलेसवाडी

कानाचं काय झालं? कुणी काही लिहिलं नाही म्हणून परत विचारतेय.

कृष्णाकाठची

सगळ्यांची मी खूप आभारी आहे. चार दिवस लिहायला जमलं नाही.

कान सांगते आधी. मिरजेला दाखवला. रक्त साकळलेलं नाही, नुसती सूज होती. मलम दिलंय आणि त्या कानावर झोपू नको म्हणाले. उतरलाय बराच.

खणभागवाली ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पोरगा तालमीत गेल्यावर रात्री यांना ते दोन प्रसंग सांगितले आणि गप्प बसले. हेही गप्प. मग उठून ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं आत येऊन म्हणाले, "मला का सांगितलं नाही तिनं?" मग जरा चढ्या आवाजात, "मग काय करू, त्याला सोडून देऊ? त्याच्या आईला काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, सोडा असं कुणीच म्हणत नाही. मग लाल_माती दादांचं लिहिलेलं मोबाईलवर वाचून दाखवलं. त्या तापाच्या वाक्यापाशी आल्यावर "बस" म्हणाले. पुढचं ऐकलं नाही.

सकाळी पाळी बदलून घेतली आणि तिला गाडीवर पुढं बसवून मिरजेला घेऊन गेले. मी मुद्दाम गेले नाही.

आता ऐका. वाटेत एका चौकात कुठल्याशा मैदानाचा फलक लागलेला. जोड्या, इनामं, फोटो. सिग्नलला गाडी थांबली तर ही फलक वाचून म्हणते, "पप्पा, ही तिसरी जोड चुकीची लावल्या. हा डावा आहे, एकेरी पट काढतोय, तो दुसरा उभाच राहायचा नाही त्याच्यापुढं." यांनी गाडी कडेला घेतली. तिला विचारत गेले आणि ती सांगत गेली. पट कुणाचा चांगला, मोळी कोण बांधतो, घिस्सा आणि पोकळ घिस्सा यात फरक काय. आमच्या तालमीत मारुतीराया आहे, बायका-मुली आत जात नाहीत. ही मागच्या खिडकीच्या कठड्यावर उभी राहून बघत असते, हे मलासुद्धा माहीत नव्हतं. मला वाटायचं मैत्रिणीकडे जाते.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "कुस्ती करतीस का?" पाटीलदादा, तुमचा निरोप न देताच त्यांनी तेच विचारलं. तर म्हणाली, "नको. अंगाला माती लागलेली मला आवडत नाही." जरा वेळानं, "मला माइकवर जोड्या पुकारायच्यात. सगळा इतिहास सांगत."

हे हसले. किती दिवसांनी तिच्याकडे बघून हसले.

लाल_माती

ताई, मैदानात निवेदक नसला तर निम्मी कुस्ती फिकी पडते. हजारो माणसं, लांब बसलेल्याला डाव दिसत नाही, तेव्हा निवेदकच डोळे असतो. पैलवान कुणाचा पठ्ठा, गाव कुठलं, मागच्या जत्रेत कुणाला पाडलं, हे सगळं तोंडपाठ लागतं. आवाज लागतो. हलगीच्या ठेक्यावर नेमकं कधी थांबायचं ते कळावं लागतं. दहा वर्षांची पोर हे म्हणते म्हणजे तिनं खरंच कान देऊन ऐकलंय. माझा तिला मुजरा सांगा.

खणभागवाली

फार बरं वाटलं वाचून. तरी एक सुचवते, विरजण घालायला नाही. वस्तादांचा स्वभाव बघता ते आता हिलाही तयार करायला घेतील. पाठ कर, म्हणून दाखव, आवाज असा लाव. मग तीही एक पठ्ठाच होईल. सध्या त्यांनी एवढंच करावं: बरोबर न्यावं, शेजारी बसवावं, तिला काय दिसलं ते विचारावं. ती चुकली तर लगेच दुरुस्त करू नये.

कृष्णाकाठची

ताई, तुम्ही घरात येऊन बघितल्यासारखं लिहिलंत. काल रात्रीच यांनी वही आणलीय, "यात सगळ्या हिंदकेसरींची नावं लिहून काढ" म्हणून. वही कपाटात ठेवून दिली मी. बोलते त्यांच्याशी.

एक नवीन काळजी आहे. पोराला काहीतरी कळलंय. दोन दिवस तो जेवायला उशिरा येतोय, तूप वाढलं की ताटावर हात आडवा धरतोय. काल म्हणाला, "काकू, मी तालमीतच करून खाऊ का?" माझ्या पोटात कालवलं. लाल_माती दादा, तुम्हीच सांगा.

लाल_माती

अजिबात जाऊ देऊ नका. मी दूध नको म्हटलं होतं ना, ते हेच. आज तो ताटावरनं उठला तर तुमच्या लेकीला वाटेल आपल्यामुळं गेला, आणि त्याला वाटेल हेही घर सुटलं.

त्याच्याशी सरळ बोला. सतरा वर्षांचा आहे, त्याला कळतं. वस्तादांनी बोललं तर उत्तम. "तुझ्यावरचं काही कमी होणार नाही, पण मला लेकीला वेळ द्यायचाय," एवढं बास. तो आनंदानं ऐकेल. खरं सांगू का, वस्तादांची सगळी नजर आपल्या एकट्यावर असणं पोराला झेपत नाही. मी हरलो की वस्ताद उपाशी राहायचे आणि मला त्यांच्या समोर भाकरी गिळायची नाही. त्यांनी घरात आणखी कुणाकडं बघितलं असतं तर मलाही जरा मोकळं वाटलं असतं. आणि हंगाम संपला की त्याच्या आईला चार दिवस बोलवून घ्या. आई आली की पोरगं पुन्हा पोरगं होतं.

आटपाडीकर

माझं मत फारसं बदललेलं नाही. परक्या पोराला घरात घेणाऱ्या माणसाला मी मोठाच मानतो, आणि घरच्यांनी त्याला साथ द्यावी असंच म्हणेन. पण ताई, तुपाचं तेवढं सासूबाईंशी बोलून घ्या. लेकीच्या भातावर तूप घालताना घरात कुणी "बेतानं" म्हणू नये. आमच्या आईनं चार भाचरं सांभाळली, पण आमच्या बहिणीला तूप वाढताना तिचा हात कधी आखडला नाही. हे मला तुमचं वाचताना आठवलं. आधी लिहायला पाहिजे होतं.

अजिंक्यताऱ्याखाली

आटपाडीकर, तुमच्या आईबद्दल आणखी कधीतरी लिहा. वेगळा धागा काढा हवं तर.

कृष्णाकाठची, सासूबाईंशी बोलताना "तुमच्या बोलण्यामुळं" असं म्हणू नका. तिच्या ताटात तूप वाढायचं काम त्यांच्याकडेच द्या. ती नको म्हणाली तरी रोज विचारायचं.

कृष्णाकाठची

आज तेच केलं. सासूबाईंना सांगितलं, नातीला रोज तुम्हीच वाढा. त्यांनी वाढायला घेतलं, ती "नको" म्हणाली. उद्या परत विचारतील. घाई करत नाही.

यांनी पोराशी तालमीतच बोलून घेतलं. काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण तो आज वेळेवर जेवायला आला आणि दोन वेळा भाजी मागून घेतली. त्याच्या आईला पाडव्यानंतर बोलवायचं ठरलंय.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावची जत्रा आहे. पोराची कुस्ती लागलीय. हे म्हणाले, तिला पण नेतो, तिघं एकाच गाडीवर जाऊ. मी म्हटलं, जाताना तुम्ही दोघंच जा, पोराला बाकीच्या पैलवानांबरोबर टेम्पोतनं येऊ दे. यांना ते लगेच पटलं नाही. कुस्तीच्या आधी वस्तादानं पोराजवळ असावं लागतं म्हणाले. मग लेकच म्हणाली, "पप्पा, आपण लवकर जाऊया की. जोड्या लावताना मला बघायचंय." आता सकाळी दहालाच निघायचं ठरलंय दोघांचं.

लाल_माती

टेम्पोत पोरांची धमाल असते, त्याला काही वाटायचं नाही. वस्तादांना म्हणावं, तो आला की पाठीवर एक थाप मारा, तेवढी पुरते. आणि लेकीला फडाच्या दक्षिणेला बसवा, संध्याकाळी ऊन डोळ्यावर येत नाही. पाणी घरनं न्या.